राणीछाप रुपयावरची रेघ वाचायला शिकवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

तुमचं नाव छापलेलं तुम्हाला खपणार नाही, म्हणून हे पत्र बिननावाचं. पण पुण्याच्या नाण्यांच्या प्रदर्शनात स्वतःची गिऱ्हाइकं खोळंबवून तुम्ही जे समजावलंत, त्याचे आभार चारचौघांतच मानायला हवेत.

माझ्याकडच्या १८६२ च्या रुपयावर कडेपासून निघून अक्षरांमधून राणीच्या मुकुटापर्यंत गेलेली बारीक रेघ आहे. अशाच रुपयाला दुसऱ्या एका टेबलावर ‘दुर्मिळ एरर’, म्हणजे टांकसाळीतली चूक, म्हणून चौपट भाव सांगत होते. तुम्ही भिंग दिलंत आणि रेघ खोल आहे की उठावाची, एवढंच बघायला लावलंत. ओरखडा आत जातो. ही वर आलेली. म्हणजे तडा नाण्याला नाही, ज्याने नाणं पाडतात त्या ठशाला गेलेला. कडक पोलादही घाव सोसून सोसून चिरतं आणि दाबाखाली चांदी त्या फटीत शिरते. नाण्याला ही इजा नव्हे, त्यामुळे केसभर रेघेने प्रत उतरत नाही. पण भावही फारसा चढत नाही. ठशाच्या कडेचा तुकडाच उडून तिथे चांदीचा उंचवटा आला असेल, तर संग्राहक जास्त मोजतात. हे सगळं तुम्ही सांगितलंत, तेव्हा तसाच रुपया तुमच्या ट्रेमध्येही होता. साध्या भावाला!

तो तुम्ही माझ्या रुपयाशेजारी ठेवलात आणि मी खरा अडकलो. १८६२ हे साल रुपयांवर १८७४ पर्यंत तसंच राहिलं. मुंबईच्या टांकसाळीतल्या नाण्यांवरचे ठिपके खरं साल ओळखायला थोडी वाट दाखवतात, एवढंच. तुमच्या रुपयावर तीच रेघ, त्याच जागी, पण निम्मीच. ठसा एकच, तुमचा आधी पडलेला, माझा नंतर. साल हललेलं नसतानाही क्रम लागला. अमेरिकेत मॉर्गन डॉलर या चांदीच्या जुन्या नाण्याचे संग्राहक ठशाठशाची नोंद ठेवून हेच करतात. आपल्याकडे बरेच जण ‘एरर’ची चिठ्ठी लावून मोकळे होतात.

जाताना सांगितलेलंही लक्षात आहे: एकच तडा दोन नाण्यांवर दिसला तर खूश व्हायचं, एकच ओरखडा दिसला तर ओतीव नकलेचा संशय घ्यायचा. आणि नाणं घासायला टूथपेस्ट घ्यायची नाही.

आता त्याच ठशाचा, तडा मुकुटाच्या पलीकडे गेलेला रुपया शोधतोय. दिसला तर बाजूला ठेवा. भाव मात्र साधाच लावा.

तुमचा,
भिंग परत करायला विसरलेला गिऱ्हाईक