पुढची दोन चाकं मोकळी केली

सुदामा नगर, इंदूर
रविवार, रात्री

प्रिय बंडू,

सप्रेम नमस्कार.

परवा तू फोनवर विचारलंस, ‘पिकअपचा फोर बाय फोर, म्हणजे पुढच्या चाकांनाही जोर देणारी यंत्रणा, काढलास म्हणे, माझाही काढू का?’ तेव्हा मी चोइथराम मंडीत उभा होतो, बटाट्याचा लिलाव सुरू होता, धड बोलणं झालं नाही. आज निवांत लिहितो. उत्तर आधीच सांगून टाकतो: मी काढला ते बरोबर केलं, तू मात्र काढू नकोस. आणि पुढे हबाबद्दल, म्हणजे चाकाच्या तुंब्याबद्दल, लिहिलंय ते तुझ्या मिस्त्रीला नक्की वाचून दाखव.

अण्णांनी ही गाडी घेतली तेव्हा सिमरोलहून आपल्या शेतावर जायला नुसती चाकोरी होती. आषाढात इथली काळी माती कशी होते ते तू पाहिलं आहेस, दहा पावलांत चपलेखाली दोन किलोचा गोळा. आई पडून मांडीचं हाड मोडलं, त्या रात्री अण्णांनी लिव्हर ओढून गाडी लो फोरमध्ये, म्हणजे चारही चाकांना संथ पण जास्त जोर देणाऱ्या गिअरमध्ये, घातली आणि एक्सलपर्यंत चिखलातून रांगत तिला एमवाय हॉस्पिटलात पोचवलं. त्या लिव्हरला हात लावायचा म्हटलं की मला ती रात्र आठवायची. म्हणून वर्षभर निर्णय लांबवला.

पण आता फाटकापर्यंत डांबर आलंय. गाडीचं काम म्हणजे शेत ते मंडी आणि मंडी ते घर. गेल्या तीन पावसाळ्यांत चारही चाकांची गरज दोनदाच लागली, तेव्हाही शेजारचा ट्रॅक्टर होताच.

दुखणं सुरू झालं आवाजापासून. पन्नासच्या वर गेलं की पुढून घूंऽऽ असा सूर लागायचा. टायर बदलून पाहिले, चाकांची बेअरिंगं तपासली. शेवटी छोटी ग्वालटोलीतल्या आमच्या मिस्त्रींनी पुढच्या एक्सलला जोर नेणारा प्रोपेलर शाफ्ट तेवढा उतरवला आणि म्हणाले, आठ दिवस अशीच चालवा. आवाज तसाच! मला वाटलं मेहनत वाया गेली, पण त्यांना तिथेच निदान सापडलं. आपल्या गाड्यांना पुढे मोकळे करता येणारे हब नाहीत. टू व्हीलवर असलो तरी पुढची चाकं आपले एक्सल आणि त्यांच्यामधला गिअरांचा डबा, म्हणजे डिफरन्शियल, फिरवतच राहतात. शाफ्ट काढूनही पुढून आवाज आहे, याचा अर्थ दोष त्या शाफ्टात किंवा ट्रान्सफर केसच्या (गिअरबॉक्समागच्या, पुढच्या-मागच्या चाकांत जोर वाटणाऱ्या डब्याच्या) पुढच्या तोंडाशी नाही, बिघाड बहुधा पुढच्या डिफरन्शियलच्या हाउसिंगमध्ये. खालचा नट खोलून ऑइल काढलं. बोट बुडवलं तर वर्ख लावल्यासारखं चमकायला लागलं. सगळी लोखंडाची भुकटी.

कारण कळलं तेव्हा फार वाईट वाटलं. आमच्या ड्रायव्हरने लिव्हर जड लागते म्हणून महिनोन्‌महिने गाडी फोर हायमध्येच, म्हणजे नेहमीच्या वेगात पण चारही चाकांवर, ठेवली होती, तीही डांबरावर. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचा फेरा घेतात, आणि या गाड्यांत पुढच्या-मागच्या शाफ्टमध्ये तो फरक जिरवणारं काही नसतं. मातीत चाक जरासं घसरतं आणि ताण सुटतो, कोरड्या डांबरावर तो सगळा गिअरांवर आणि बेअरिंगांवर येतो. गाडी वळताना आखडते ती यामुळेच. अण्णा हे प्रत्येकाला बजावत असत. ते गेल्यावर मी बजावायला हवं होतं, नाही बजावलं.

डिफरन्शियलचे मुख्य गिअर म्हणजे नवीन क्राऊन-पिनियन, बेअरिंगं आणि मजुरी मिळून जो आकडा आला, तेवढ्यात शेतावरची पाण्याची मोटर आणि पाइपलाइन दोन्ही होतात. मग ठरवलं, काढायचं.

आता हबाचं. मिस्त्रींच्या पोराने दोन्ही एक्सल अख्खे ओढून काढले आणि चाकं चढवायला निघाला. मी तिथेच थांबवलं. आपल्या हबात बेअरिंगचा जुडगा एक्सलच्या बाहेरच्या तुकड्याने आणि त्यावरच्या मोठ्या नटाने आवळलेला असतो. तो तुकडाच नसला तर बेअरिंग सैल पडून उकलतं आणि चालत्या गाडीचं चाक निघू शकतं. म्हणून बाहेरचा जॉइंट खोलून गोळ्या आणि पिंजरा काढला, वाटी आणि तिचा दांडा मात्र हबात परत बसवला आणि नट टॉर्क पान्याने मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापाने आवळला. नुसत्या अंदाजाने पाइप लावून आवळायचा नाही. रात्री दोनदा उठून मी त्याच विचारात होतो, म्हणून इतकं लिहितोय.

ट्रान्सफर केस तसाच ठेवलाय. गिअरबॉक्सचा दांडा त्यातच जातो, तो काढायचा तर गिअरबॉक्सचं मागचं टोक बदला, मागचा शाफ्ट लांब करा, खालचा आडवा बीम हलवा, स्पीडोमीटरचं कनेक्शन नव्याने लावा. एवढा उपद्व्याप कोण करतो? पुढच्या तोंडाचं फ्लॅंज आणि सील जागच्या जागी आहे, त्यामुळे ऑइल गळत नाही. लिव्हरपुढे मात्र लोखंडी पट्टी ठोकून घेतली. चुकून कुणी लो टाकला तर सगळा जोर एकट्या मागच्या एक्सलवर जाईल.

आणखी एक. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीत कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळे बदल करण्यावर निर्बंध आहेत, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते ठामपणे सांगितलं. मी हात लावण्याआधी आरटीओत आणि विमावाल्यांना लेखी विचारून घेतलं. कुणीही काही करणार असेल तर हे आधी.

उतरवलेलं सगळं सामान काट्यावर ठेवलं तर एकसष्ट किलो भरलं. डिझेलमध्ये लिटरमागे अर्धा किलोमीटरचा फरक, त्याहून जास्त नाही. खरा फरक स्टिअरिंगमध्ये, हलकं झालंय. पुढचा भार कमी होऊन नाक किंचित वर आलं, म्हणून पुढे स्प्रिंगचं काम करणारे टॉर्शन बार सैल करून अलाइनमेंट करून घेतलं. रिकामी गाडी ओल्या बांधावर मागून फिरते, त्यासाठी हौद्यात वाळूची दोन पोती कायमची.

तुझी गोष्ट वेगळी आहे. लांज्याच्या त्या चढावरच्या कलमांच्या बागेत जांभा भिजला की दोन चाकांवर गाडी वर चढणारच नाही, आणि उतरताना पोटात गोळा येईल. तिथे गडी असतात, पेट्या असतात. तुझ्या हाउसिंगला आवाजही नाही. तेव्हा ऑइल बदल, सीलं बघ, आणि महिन्यातून एकदा मातीवर फोरमध्ये थोडी चालव म्हणजे लिव्हर आणि आतली जोडणी जाम होणार नाही. डांबरावर कधीच नको.

माझं सामान भंगारात दिलेलं नाही. ग्रीस फासून गोणपाटात बांधून शेतावरच्या खोलीत अण्णांच्या खाटेखाली ठेवलंय, प्रत्येक बोल्ट डब्यात, डब्यावर चिठ्ठी. पुढेमागे तुझ्या गाडीला एक्सल लागला तर कळव, माप जुळतं.

आई आता काठीशिवाय चालते, तुझी आठवण काढते. फेब्रुवारीत बटाटा निघेल, तेव्हा वहिनींना घेऊन ये. स्टेशनवर मीच येईन, याच गाडीने.

तुझाच,
बाळू