शंभर टक्क्यांचा हट्ट

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, फोन रात्रभर चार्जिंगला ठेवला तर बॅटरी खराब होते का, असं तुम्ही विचारलंत. मी उत्तराला सुरुवात केली आणि तुमचाच फोन बंद पडला. शून्यावर आल्याशिवाय चार्जिंगला लावायचा नाही, हा तुमचा नियम! म्हणून सगळं लिहूनच पाठवतेय. आईने पण वाचावं, कारण तिच्या टॅबलेटचं प्रकरण जास्त गंभीर आहे. आधी तेच.

आई, तू म्हणालीस की टॅबलेटची काच एका कडेने वर आली आहे आणि रबरबँड लावून ती दाबून ठेवली आहेस. तो रबरबँड काढ. आतली बॅटरी फुगली आहे. या बॅटऱ्या हवाबंद पातळ पाकिटासारख्या असतात. आतल्या रसायनांचं विघटन होऊन वायू तयार झाला की त्याला बाहेर पडायला जागा नसते, मग पाकीट फुगतं आणि काच उचलली जाते. टॅबलेट आता चार्जिंगला अजिबात लावू नकोस. बंद कर, दाबू नकोस, आणि कागद, कपडे, गादी यांपासून लांब, नुसत्या फरशीवर ठेव. बाबा, तुम्ही स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसू नका, अगदी विनंती आहे. पाकिटाला भोक पडलं तर आग लागू शकते. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये आधी सांगून न्यायचा, आणि जुनी बॅटरी त्यांच्याकडेच द्यायची. कचऱ्याच्या डब्यात ती कधीच टाकायची नाही.

असं का झालं? बॅटरी कधीतरी म्हातारी होणारच होती. पण टॅबलेट कायम स्टँडवर, कायम वायर लावलेला, कायम १०० टक्के आणि पाठ कोमट, यामुळे ती वेळेआधी म्हातारी झाली असणार. आजच्या फोन-टॅबलेटमध्ये असते त्या लिथियम-आयन बॅटरीला शंभर टक्के भरलेलं राहणं सोसत नाही. तिचं सरासरी व्होल्टेज ३.७ व्होल्टच्या आसपास असतं, पूर्ण भरली की ते ४.२ किंवा त्याच्याही थोडं वर जातं. व्होल्टेज जितकं जास्त, तितक्या आत नको त्या रासायनिक क्रिया जोरात चालतात, आणि उष्णता मिळाली की त्यांचा वेग आणखी वाढतो. वापरायला लिथियमचे कण मोकळे हवेत, ते हळूहळू या क्रियांत अडकून पडतात. एकदा अडकलेले परत सुटत नाहीत, म्हणून गेलेली क्षमता कुठल्याही युक्तीने परत येत नाही. 'बॅटरी दुरुस्त करणारी' अ‍ॅप्स असतात ना, बाबा, ती काढून टाका.

आता तुमचा नियम. तो तुम्ही मनाने काढलेला नाही, हे मला माहीत आहे. जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्या अर्धवट उतरवून पुन्हा पुन्हा भरल्या की पूर्ण क्षमता देईनाशा होत, म्हणून त्या पूर्ण रिकाम्या करायचा सल्ला असायचा. लिथियम-आयन बॅटरी सोनीने १९९१ मध्ये बाजारात आणली, आणि हा सारा हिशेबच बदलला. (तिच्यामागच्या संशोधनाला २०१९ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं: जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो. गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते! तुम्ही अजून तरुण आहात.) या बॅटरीला पूर्ण उतरवणं उलट त्रासाचं. रोज शून्यापर्यंत नेण्यापेक्षा तीस-चाळीसला असतानाच थोडं थोडं भरणं तिला मानवतं. आणि 'किती वेळा वायर लावली' याची मोजणीही करू नका. एक चक्र म्हणजे एकूण शंभर टक्के वापर. आज अर्धी वापरून भरली, उद्या परत अर्धी, तर मिळून एकच चक्र होतं.

किती चक्रं टिकते, हे कंपन्याच सांगतात. आयफोन १४ पर्यंतच्या फोनसाठी अ‍ॅपलचा आकडा ५०० चक्रांनंतर ८० टक्के क्षमता असा आहे, आयफोन १५ पासून १००० चक्रांनंतर. युरोपियन युनियनने तर २० जून २०२५ पासून नियमच केला की तिथे विकायच्या फोन आणि टॅबलेटची बॅटरी ८०० चक्रांनंतर किमान ८० टक्के क्षमतेची राहिली पाहिजे. म्हणजे तीन-चार वर्षांनी बॅटरी थकली तर त्यात तुमचं काही चुकलं असं नाही. बॅटरी झिजण्यासाठीच असते, आणि बदलता येते.

रात्रभराचा प्रश्न. फोन 'ओव्हरचार्ज' होत नाही, आतलं सर्किट शंभरला चार्जिंग थांबवतं. फोन पेटेल म्हणून आई रात्री उठून पिन काढते, ते बंद करू दे. झोप बॅटरीपेक्षा महाग आहे. खरा तोटा एवढाच की फोन पहाटेपर्यंत तासन्‌तास शंभरवर बसून राहतो. त्याची सोय फोनमध्येच असते. सेटिंग्जमध्ये बॅटरी उघडा. काही फोनमध्ये ८० टक्क्यांवर थांबायचा पर्याय मिळतो, काहींमध्ये तुमची उठायची वेळ ओळखून शेवटचा भाग पहाटे भरला जातो. बाबा दिवसभर घरीच असतात, त्यांना ८० भरपूर होतात. मात्र मधेच कधीतरी फोन स्वतःहून शंभरपर्यंत गेलेला दिसला तर घाबरू नका. टक्क्यांचा आकडा हा फोनचा अंदाज असतो, तो ताळ्यावर ठेवायला काही फोन अधूनमधून असं करतात.

याहून जास्त मला गरमीची काळजी वाटते. उशीखाली फोन ठेवून चार्जिंग, उन्हातल्या खिडकीत चार्जिंग, आणि आई, चार्जिंगला लावून त्याच वेळी तासभर व्हिडिओ कॉल: या तिन्हीत फोन हाताला चटका लागेल इतका तापतो. अ‍ॅपल वापरासाठी ० ते ३५ अंश सेल्सिअस हवेचं तापमान सांगतं, आणि बंद गाडीत उन्हात ठेवलेला फोन ती मर्यादा सहज ओलांडतो. फोन तापला तर कव्हर काढा, वायर काढा, सावलीत ठेवा. फ्रिजमध्ये मात्र नको! आत पाणी धरतं, आणि शून्याखालच्या थंडीत चार्ज केलं तर लिथियम धातूच्या रूपात साचतं, ते वेगळंच दुखणं. बिनवायरच्या चार्जिंगमध्ये काही ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते, त्यामुळे फोन जरा जास्त गरम होतो. घाई नसेल तर वायर बरी.

मोठ्या वॅटचा चार्जर फोन जाळेल, ही भीती मात्र काढून टाका. किती वीज घ्यायची हे फोन आणि चार्जर आपापसांत ठरवतात, आणि फोनला जेवढी झेपते तेवढीच तो घेतो. भीती बाळगायचीच तर नाव-गाव नसलेल्या फुकट चार्जरची बाळगा. आणि बाबांची ती तक्रार, 'पन्नासपर्यंत भर्रकन जातं आणि नव्वदनंतर मुंगीच्या पावलाने': ते बिघडलेलं नाही. सभागृह रिकामं असताना येणारा पटकन बसतो, भरत आलं की शेवटच्यांना खुर्ची शोधत फिरावं लागतं. लिथियमचे कण बॅटरीतल्या ग्रॅफाइटच्या (म्हणजे एका प्रकारच्या कार्बनच्या) थरांत असेच जागा शोधतात, म्हणून चार्जिंग मुद्दाम मंद केलं जातं. एवढ्यासाठी शंभर होईस्तोवर फोनपाशी बसून राहू नका. पंच्याऐंशीला वायर काढून निघालात तरी काही बिघडत नाही.

अ‍ॅप सारखी बंद करत राहिल्याने बॅटरी वाचते, हाही भ्रमच. पुन्हा उघडताना उलट जास्त खर्च होतो. स्क्रीनचा उजेड कमी करणं जास्त कामाचं.

राहिला तुमचा फोन वीस टक्क्यांवरून अचानक बंद पडतो तो प्रकार. जुन्या बॅटरीचा अंतर्गत रोध, म्हणजे आतून वीज वाहायला होणारा अडथळा, वाढतो. कॅमेरा किंवा कॉल असं जड काम आलं की व्होल्टेज एकदम पडतं आणि आकडा वीस दाखवत असला तरी फोन स्वतःला वाचवायला बंद होतो. याच कारणासाठी अ‍ॅपलने जुने आयफोन गुपचूप मंद केले होते, आणि डिसेंबर २०१७ मध्ये ते कबूल करावं लागलं. मंद फोन नवीन बॅटरी घातल्यावर पुन्हा चपळ झालेले लोकांनी पाहिले. म्हणून नवा फोन घ्यायची घाई करू नका. टॅबलेट नेताना फोनही न्या, दोघांची बॅटरी एकदम बदलता येते का विचारा. फोन बाकी ठणठणीत आहे, आणि त्यातले सगळे नंबर शोधत बसायचा ताप नको.

दोन-चार महिने वापरायचं नसेल असं काही घरात पडलं असेल, उदाहरणार्थ तो जुना फोन, तर त्याला अर्धा भरून, बंद करून, थंड जागी ठेवा. शून्यावर ठेवलेली बॅटरी आपोआप अजून उतरत राहते आणि मग कधीकधी परत उठतच नाही. प्रवासाला निघताना मात्र बिनधास्त १०० करून घ्या, एखाद्या दिवसाने काही होत नाही. तुमच्याशी बोलणं होणं हे मला ८० टक्क्यांच्या नियमाहून महत्त्वाचं आहे.

सेटिंग्जमध्ये 'बॅटरी' सापडेल, पण आतली नावं प्रत्येक कंपनीची वेगळी असतात. सापडलं नाही तर त्या पानाचा फोटो पाठवा, मी कुठे बोट लावायचं ते खूण करून परत पाठवते.

तुमची,
लाडकी