निकाल आणि बाकीचं

नागपूर,
४ मे २०२५

प्रिय बंड्या,

“काय बे, पोट्ट्यांचे निकाल काय?” हा तुझा मेसेज अंगठा दाखवून उडवता आला असता. पण आज रविवार आहे, कूलरपुढून उठवत नाही आणि बायको दोघांना घेऊन माहेरी अमरावतीला गेली आहे. तेव्हा ऐक सविस्तर.

धाकटा पाचवी पास झाला. पाचवीला आणि आठवीला आता वार्षिक परीक्षेत खरोखरच पास व्हावं लागतं, नाहीतर फेरपरीक्षा. इतकी वर्षं ढकलपास म्हणून नाकं मुरडणारे आमचे शेजारी आता “एवढ्याशा लेकरांवर केवढा ताण” म्हणतात. यंदा खरा ताण उन्हाचा होता. पहिली ते नववीच्या परीक्षा राज्यभर एकाच वेळापत्रकाने २५ एप्रिलपर्यंत चालल्या. तुमच्या पुण्यात ते खपून गेलं असेल, इथे पारा ४४ च्या वर होता. पोट्टे सकाळी पेपरला जायचे आणि येताना तोंडं लालबुंद. माझ्या आईने रोज त्याच्या खिशात कांदा कोंबला. पेपर संपल्यावर बाईंच्या हाती जेमतेम पाच दिवस, आणि १ मेला झेंडावंदन होऊन निकाल हजर! त्या पाच दिवसांत बाईंनी काय वाचलं असेल आणि काय नुसतं पाहिलं असेल, देव जाणे. प्रगतिपुस्तकात शेरा आहे, ‘चांगला विद्यार्थी, अक्षर सुधारावे.’ तुझ्या-माझ्या वेळीही हाच होता.

काल रद्दी काढायला बसलो. बालभारतीच्या चार भागांतल्या पुस्तकांत दोन वर्षं कोरी पानं घातली होती ना, ‘माझी नोंद’ नावाची? पोरांनी वर्गातच टिपणं काढावीत, दप्तर हलकं व्हावं असा हेतू. आता ती पानं बंद होणार आहेत. हेतू किती साधला ते जाऊ दे, पण आमच्या चिरंजीवांनी ती पानं पुरेपूर वापरली. भाग दोनमध्ये उधारीचं खातं आहे. कोणाला खोडरबर दिलं, कोणी अर्धं करून परत आणलं. एका नावापुढे ‘कट्टी’, त्याच नावापुढे दुसऱ्या पेनाने ‘बट्टी’, आणि खाली पुन्हा खोडरबर दिल्याची नोंद. भाग तीनमध्ये गोरेवाड्याची सहल: ‘वाघ झोपलेला होता. सर म्हणाले उठेल. उठला नाही. आम्ही डबा खाल्ला.’ मी एकटाच खो खो हसलो. सहलीहून आल्यावर मी त्याला “कशी झाली?” विचारलं होतं, तर “मस्त” म्हणून टीव्हीसमोर गेला होता. ही चार पुस्तकं रद्दीत दिली नाहीत. बायको येऊन ओरडेल ते ओरडेल.

मोठीचं वेगळंच. दहावी मार्चमध्ये संपली, निकाल यायचाय. टक्क्यांची मला धास्ती नाही, पोरगी अभ्यासू आहे. शाळा संपली हे मात्र मला तिच्यापेक्षा जास्त जाणवतंय. धाकटा ऑटोने जातो, पण हिला पाचवीपासून मीच स्कूटरने सोडायचो. त्रिमूर्ती नगरहून निघायचं, प्रतापनगर, माटे चौक, मग व्हीएनआयटीच्या भिंतीला धरून शंकरनगर. घरात समोर बसवून विचारलं तर ही तोंडातून अक्षर काढत नाही. मागे बसली की आपोआप सुरू. माझं तोंड तिला दिसत नाही, तिचं मला दिसत नाही, वर हेल्मेटमुळे मला निम्मंच ऐकू येतं. तेच तिला सोयीचं असावं. मैत्रिणीशी बोलणं बंद झाल्याचं मला त्याच रस्त्यावर कळलं. गणिताच्या क्लासला जायला पोटात गोळा येतो तेही तिथेच. आणि फेब्रुवारीत, परीक्षेच्या तोंडावर, माटे चौकाच्या सिग्नलला: “बाबा, मी सायन्स नाही घेत आहे.” मागचा हॉर्न वाजवायला लागला, मी गाडी काढली आणि शंकरनगरपर्यंत गप्प राहिलो. तीही.

तिला इतिहास शिकायचाय. आठवीत शाळेने अजब बंगल्यात नेलं होतं. आपण तिथे फक्त पेंढा भरलेले प्राणी पाहून यायचो, आठवतं? ही शिलालेखापुढून हलेना म्हणे. १८६३ पासून ते म्युझियम उभं आहे, पण तिथून कोणी करिअर घेऊन आल्याचं आमच्या खानदानात ऐकिवात नाही. मला स्वतःला तिचं पटलंय. नीटच्या क्लासची फी भरून दोन वर्षं पोरीचं उतरलेलं तोंड बघण्यापेक्षा हे बरं. अकरावीच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये दहा कॉलेजं भरता येतात, आणि तिने दहाही आर्ट्सची काढून ठेवली आहेत. वर म्हणते, कॉलेजला माझी मी जाईन. जूनमध्ये सोळा पूर्ण होतात. कायद्याने बिनगिअरची ५० सीसीची गाडी चालवता येते, पण तशी गाडी आता शोरूमला मिळते कुठे! म्हणजे ताशी २५ ची बॅटरीवाली घ्यायची, तिला लायसन्सच लागत नाही. चौकशी करून आलो आहे. तिला अजून सांगितलं नाही. एवढ्यात सांगणारही नाही.

तुमच्याकडे शाळा १६ जूनला उघडतात, आमच्याकडे २३ ला. २५ मेला नवतपा लागतो, उन्हाचे ते कडक नऊ दिवस, त्याच्या आधी पोरांना घेऊन ये. डांगर, म्हणजे तुमचं खरबूज, सध्या गोड येतंय.

आणि एक काम. आईला अजून आर्ट्सचं कळलेलं नाही. नात डॉक्टर होणार हे तिने देवळातल्या सगळ्या बायांना सांगून ठेवलंय. तुझ्या थोरलीने मागल्या वर्षी कॉमर्स सोडून चित्रकला धरली, तेव्हा काकूंना तू नेमकं काय सांगितलंस? निकालाच्या आत कळव.

तुझा,
पम्या