चिलटांची चढाई आणि डब्यातली पावडर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या अंकात एकाच पानावर दोन मजकूर एकाखाली एक आले होते. वर एका वाचकाचं पत्र: ‘माश्यांचे स्नायू मोजायला जनतेचा पैसा कशाला?’ खाली एका शक्तिवर्धक पावडरची जाहिरात: ‘माश्यांवरील प्रयोगात सिद्ध, साठीत तिशीची ताकद’. एकाचा माशीवर काडीचा विश्वास नाही, दुसऱ्याचा नको तितका. माशीची ताकद वयाबरोबर किती घटते ते मोजणारी चढाईची नळी दोघांनीही जवळून पाहिलेली दिसत नाही, म्हणून हे पत्र.

आधी एक दुरुस्ती. पत्रासोबत छापलेला फोटो आंबा-पेरू पोखरणाऱ्या फळमाशीचा होता. तिच्या छातीवर पिवळे पट्टे असतात आणि ती जवळपास घरमाशीएवढी भरते. प्रयोगशाळेतली माशी म्हणजे पिकल्या केळ्यांवर घिरट्या घालणारं चिलट, ड्रोसोफिला मेलानोगास्टर: जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर, डोळे विटकरी लाल.

चिलटच का, तर वेळेचा हिशेब. २५ अंश सेल्सिअसला अंड्याची माशी व्हायला सुमारे १० दिवस लागतात, पुढे ती दोन-अडीच महिने जगते. उंदीर म्हातारा व्हायला दोन वर्षं थांबावं लागतं. चिलटाचं अख्खं म्हातारपण कॉलेजच्या एका सत्रात मावतं. त्याच्या छातीतले उडण्याचे स्नायू पंख सेकंदाला सुमारे २०० वेळा हलवतात. आत ॲक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांचे तेच धागे, जे आपल्या मांडीत आहेत, आणि मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतले ऊर्जेचे कारखाने, ठासून भरलेले. त्यामुळे या कारखान्यांत काही बिघडलं की ते इथे आधी दिसतं. पार्किन हे जनुक काढून टाकलेल्या माश्यांचे उडण्याचे स्नायू झिजतात, हे २००३ मध्ये दिसलं. २००६ मध्ये पिंक-१ या जनुकाचंही तेच निघालं, आणि दोन्ही एकाच साखळीच्या कड्या आहेत हे माशीनेच दाखवून दिलं. माणसात याच दोन जनुकांतल्या दोषांमुळे कमी वयात पार्किन्सन (कंपवात) होतो. २०१० मध्ये फॅबियो डेमॉन्टिस आणि नॉर्बर्ट पेरिमॉन या शास्त्रज्ञांनी दाखवलं की म्हाताऱ्या माशीच्या स्नायूत खराब प्रथिनांच्या गुठळ्या साचतात. फक्त स्नायूतली साफसफाई सुधारली, तर इतर अवयवांतल्या गुठळ्याही कमी होतात आणि माशी जास्त जगते. पैसा वाया गेला म्हणणाऱ्यांनी या शेवटच्या वाक्यावर जरा थांबावं.

आता नळी. २५ मिलिमीटर व्यासाच्या दोन रिकाम्या, कोरड्या नळ्या तोंडाला तोंड लावून टेपने जोडायच्या आणि तळापासून ८ सेंटिमीटरवर मार्करने रेघ मारायची. आत १० माश्या. नळी माउसपॅडवर तीनदा आपटली की सगळ्या तळाला येतात आणि लगेच वर धावतात. वर चढणं हा त्यांचा जन्मजात स्वभाव. १० सेकंदांत रेघ किती जणींनी ओलांडली ते मोजायचं, मिनिटभर विश्रांती द्यायची, असं पाच वेळा करून सरासरी घ्यायची. मोबाईलवर चित्रण केलं तर उत्तम, कारण डोळा वर पोचलेल्या माश्यांकडेच ओढला जातो. आठवड्याच्या माश्या जवळजवळ सगळ्या रेघ ओलांडतात. सहा आठवड्यांच्या तळाशीच रेंगाळतात, दोन-तीन इंच चढून घसरतात, एखादी पाठीवर पडून पाय झाडत राहते.

इतकं सोपं आहे, म्हणूनच बिघडतंही पटकन. सगळ्यात मोठा गुन्हेगार म्हणजे गुंगी. नर-मादी वेगळे करायला कार्बन डायऑक्साइड किंवा ईथर देतात आणि तासाभरात चढाई घेतात. मग जे मोजलं जातं ते वय नसतं, नशा असते. मध्ये पूर्ण २४ तास हवेत. नर-मादी वेगळे मात्र करायलाच हवेत: नराच्या पोटाचं टोक काळं असतं आणि पुढच्या पायावर काळा कंगवा असतो, तो भिंगाखाली स्वच्छ दिसतो. दुसरा घोटाळा प्रकाशाचा. माश्या उजेडाकडे धावतात, म्हणून डोक्यावर दिवा असला की म्हातारी माशीही उत्साही दिसते. तिसरा घड्याळाचा. माशीला दिवसाची वेळ कळते (शरीरातल्या घड्याळाच्या संशोधनाला २०१७ चं नोबेल याच माशीवरच्या कामातून मिळालं), तेव्हा एक गट सकाळी ९ ला आणि दुसरा जेवणानंतर मोजला तर ती तुलनाच नव्हे.

त्यात आपलं वडोदरा. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. ३० अंशांच्या आसपासच नर नापीक होऊ लागतात आणि आयुष्य आखडतं. बीओडी इन्क्युबेटर (तापमान कायम राखणारं कपाट) २५ वर लावून घरी गेलो म्हणजे झालं असं नाही. रात्री दोन तास वीज गेली की आतला आकडा कुठवर चढला ते कमाल-किमान तापमापीच सांगतो. तो ५०० रुपयांत मिळतो, पण बहुतेक ठिकाणी नसतो. खाद्यही वाळून काचेपासून सुटतं आणि माश्या त्या फटीत अडकून मरतात. लिटरभर पाण्याला ८० ग्रॅम मक्याचं पीठ, ५०-६० ग्रॅम साखर, १५ ग्रॅम यीस्ट आणि ८ ग्रॅम अगर (खाद्य घट्ट करणारा पदार्थ) हे प्रमाण चालतं; उन्हाळ्यात इन्क्युबेटरमध्ये पाण्याचा ट्रे ठेवावा. बुरशी रोखायला ४ मिली प्रोपिऑनिक ॲसिड घालतात, ते मिश्रण ६० अंशांखाली आल्यावर. उकळत्यात ओतलं तर वाफेबरोबर उडून जातं आणि चौथ्या दिवशी पांढरी बुरशी हजर. दर दोन-तीन दिवसांनी माश्या ताज्या नळीत हलवायच्या, नाहीतर अळ्या खाद्याचा चिखल करतात आणि म्हातारी माशी त्यात चिकटते. अशी चिकटलेली किंवा हलवताना उडून गेलेली माशी म्हातारपणाने मेली असं लिहायचं नाही, तिची नोंद वेगळी.

खंडेराव मार्केटमधून केळं लावून पकडलेल्या माश्या चालतील का, असं विद्यार्थी विचारतात. थेट नाही. त्यांचं वय माहीत नसतं आणि जातीही मिसळलेल्या असतात. डोक्यापासून छातीपर्यंत पांढरे पट्टे असलेली दिसली तर ती झॅप्रिओनस, म्हणजे वेगळीच माशी. म्हैसूर विद्यापीठाच्या ड्रोसोफिला स्टॉक सेंटरमधून ओरेगॉन-आर किंवा कँटन-एस हा प्रयोगशाळेतला ठरलेला वाण मागवावा.

आता पावडरवाल्यांसाठी. पहिली गोष्ट, चढाई म्हणजे फक्त स्नायू नव्हे. नळी आपटल्याचं कळणं, वर कुठे ते ओळखणं, पाय हलवण्याची आज्ञा, हे सगळं मज्जासंस्थेचं काम आहे. आकडा घसरला तर दोष मेंदूचाही असू शकतो. म्हणून जोडीला उड्डाणाची चाचणी घेतात: लिटरच्या मोजपात्राला आतून पॅराफिन तेल लावायचं आणि वरून माश्या टाकायच्या. धडधाकट माशी पडता पडता बाजूला उडून वरच चिकटते, दुबळी तळाला जाते. ही युक्ती माशीच्या वर्तनाचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ सेमूर बेंझर यांची. तिसरा पुरावा सूक्ष्मदर्शकाखालचा, कापलेल्या स्नायूचा.

दुसरी गोष्ट याहून चिवट. पावडर कडू असेल तर माशी कमी खाते, आणि कमी खाणारी माशी पुष्कळदा जास्त जगते. म्हणजे गुण पावडरचा नाही, उपासाचा. हे पकडायला खाद्यात निळा खाण्याचा रंग घालतात आणि माश्या चिरडून रंग किती उतरला ते कलरिमीटरवर (रंगाचा गडदपणा मोजणाऱ्या यंत्रावर) मोजतात. नळ्यांवर नाव न घालता खुणेचा आकडा घालावा, आणि मोजणाऱ्याला पावडर कोणत्या नळीत आहे ते माहीत नसावं.

आणि एवढं सगळं चोख केलं तरी माशी म्हणजे माणूस नव्हे: माशीच्या स्नायूला प्राणवायू थेट श्वासनलिकांतून मिळतो, रक्तवाहिन्या नाहीत. आपल्यात वयाबरोबर स्नायुतंतूंची संख्याच घटते. माणसाची चाचणी माणसावरच घ्यावी लागते, आणि ती फुकट आहे: हात छातीवर बांधून खुर्चीतून सलग पाच वेळा उठा-बसा, १२ सेकंद किंवा जास्त लागले तर डॉक्टरांना विचारावं, असा निकष स्नायूंच्या झिजेवरच्या आशियाई तज्ज्ञगटाने २०१९ मध्ये ठरवला आहे.

तेव्हा संपादक महाराज, ही जाहिरात पुन्हा आली तर छापण्याआधी एवढंच विचारून घ्या: माश्या किती, नर की मादी, गुंगी दिल्यानंतर किती तासांनी मोजल्या, आणि निळा रंग घातला होता का.

आपले,
प्राणिशास्त्राचे दोन शिक्षक
दांडिया बाजार, वडोदरा