वीज कुणाला मिळणार आणि बिल कोण भरणार, ही पण पहिल्या पानाची बातमी आहे

मा. संपादक,

स.न.वि.वि.

गेलं वर्ष-दीड वर्ष पेपर वाचताना एक गोष्ट सारखी टोचतेय म्हणून हे पत्र. एआयची बातमी टेक्नॉलॉजीच्या पानावर असते, वीजदरवाढीची आत कुठेतरी असते, निवडणुकीची पहिल्या पानावर असते, आणि वाचणारा तीन वेगळ्या गोष्टी वाचल्यासारखा पेपर बाजूला ठेवतो. माझी नोकरीची सगळी वर्षं ट्रान्समिशनमध्ये गेली, सबस्टेशन आणि लोड डिस्पॅच (कुठली वीज किती घ्यायची आणि कुठे पाठवायची ते क्षणोक्षणी ठरवणं) हेच काम, त्यामुळे मला या तिन्ही बातम्या एकच दिसतात. नवीन वीज आणि तिची लाइन कुणाला मिळणार, खर्च कुणाच्या बिलात जाणार आणि हे सगळं कोण ठरवणार, एवढंच त्यात आहे आणि तेवढंच नीट छापून येत नाही.

आधी आकड्यांबद्दल बोलतो, कारण दोन्ही बाजूंनी फार वाढवून सांगितलं जातं. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने एप्रिल २०२५ मध्ये एक मोठा अहवाल काढला, त्यात जगातल्या सगळ्या डेटा सेंटर्सनी २०२४ साली मिळून साधारण ४१५ टेरावॅट-तास, म्हणजे आपल्या बिलाच्या भाषेत ४१,५०० कोटी युनिट वीज वापरली असं म्हटलंय. जगाच्या एकूण विजेच्या हे दीड टक्का. २०३० पर्यंत हा आकडा ९४,५०० कोटी युनिटपर्यंत जाईल असा त्यांचा अंदाज, जपानचा पूर्ण देश आज वापरतो त्यापेक्षा थोडी जास्तच. पण त्याच अहवालात असंही आहे की तोपर्यंत जगात विजेची जी मागणी वाढणार त्यात डेटा सेंटर्सचा वाटा साधारण एक दशांश, बाकीची वाढ कारखाने, एसी, इलेक्ट्रिक गाड्या यांची. तेव्हा एआयमुळे जगाची वीज संपणार वगैरे जे फिरतंय ते खरं नाही, आणि दीड टक्काच तर आहे त्यात काय एवढं, हेही खरं नाही.

कारण ग्रिडचं, म्हणजे विजेच्या जाळ्याचं, दुखणं जगाच्या सरासरीत कधी दिसतच नाही. ते एका सबस्टेशनवर, एका ट्रान्सफॉर्मरवर दिसतं. आयर्लंडमध्ये २०२३ साली मीटरवर मोजलेल्या विजेतली २१ टक्के वीज एकट्या डेटा सेंटर्सनी घेतली, शहरांतल्या सगळ्या घरांनी मिळून घेतली त्यापेक्षा जास्त, आणि डब्लिनच्या परिसरात नवीन कनेक्शन जवळपास थांबवावी लागली. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातली साधारण एक चतुर्थांश वीज डेटा सेंटर्सकडे जाते. परत वेळेचं गणित जुळत नाही ते वेगळंच. डेटा सेंटर दोन-तीन वर्षांत उभं राहतं आणि मोठी ट्रान्समिशन लाइन म्हटली की मार्ग, परवानग्या, जमीन, कोर्टकचेरी सगळं धरून पाच ते पंधरा वर्षं. मोठे ट्रान्सफॉर्मर आज ऑर्डर दिले तरी हातात यायला वर्षानुवर्षं लागतात. हे अंतर पैशाने भरून निघत नाही, कितीही मोठी कंपनी असली तरी.

आता एक घटना सांगतो जी बहुतेक वाचकांनी ऐकलीसुद्धा नसेल, आणि माझ्या मते ती २०२४ सालच्या सगळ्यात महत्त्वाच्या बातम्यांपैकी एक होती. १० जुलै २०२४ ला संध्याकाळी व्हर्जिनियात २३० केव्हीच्या एका लाइनवर फॉल्ट म्हणजे बिघाड आला, लाइटनिंग अरेस्टर (विजेच्या कडकडाटापासून लाइन वाचवणारं उपकरण) फेल झाला होता, ऑटो रिक्लोजिंगमुळे, म्हणजे लाइन आपोआप परत परत जोडली गेल्यामुळे, दीडेक मिनिटात व्होल्टेज परत परत खाली गेलं. असे फॉल्ट ग्रिडवर होत असतात आणि ग्रिड ते पचवतं. पण तिथल्या साठेक डेटा सेंटर्सच्या सिस्टिम्सनी व्होल्टेज डळमळलेलं पाहिलं आणि सगळ्यांनी आपापला लोड, म्हणजे ग्रिडवरून घेत असलेली वीज, स्वतःच्या बॅटरीवर आणि जनरेटरवर नेला, जवळपास १,५०० मेगावॅट लोड ग्रिडवरून एकदम गायब. लोड जातो म्हणजे चांगलंच की, असं बाहेरच्या माणसाला वाटेल. कंट्रोल रूममध्ये बसलेल्याला विचारा. वीज तयार होतेय आणि घेणारा कुणी नाही, फ्रिक्वेन्सी वर, व्होल्टेज वर, घाईने जनरेशन कमी करायचं, आणि तो लोड परत कधी येणार ते माहीत नाही कारण परत जोडणं त्या सेंटर्सच्या हातात, तेही माणसांनी हाताने करायचं. त्या दिवशी निभावलं. पण आपण आयुष्यभर जनरेटर ट्रिप होण्याची, म्हणजे अचानक बंद पडण्याची, तयारी करत आलो, एवढा लोड आपल्या मर्जीने एका झटक्यात निघून जाईल हे कुणी धरलंच नव्हतं! अमेरिकेच्या ग्रिडची विश्वासार्हता बघणाऱ्या नर्क (NERC) या संस्थेने नंतर यावर इशारा काढला. मला यात सगळ्यात जास्त काय लागलं सांगू का, एवढा मोठा ग्राहक ग्रिडला जोडताना त्याने फॉल्टच्या वेळी कसं वागायचं याचे नियम आधी ठरवायला हवे होते आणि ते ठरले नव्हते. पॉवर स्टेशनला असे नियम केव्हापासून आहेत.

आता पैशाचं. अमेरिकेत पीजेएम नावाचं एक ग्रिड आहे, १३ राज्यं आणि वॉशिंग्टन, साडेसहा कोटींहून जास्त लोकसंख्या. तिथे पुढच्या वर्षांसाठी पॉवर स्टेशन्सनी तयार राहावं म्हणून जे पैसे द्यायचे त्याचा लिलाव होतो. २०२४-२५ साठी हा दर दिवसाला दर मेगावॅटमागे २८.९२ डॉलर होता, त्याच्या पुढच्या वर्षासाठी २६९.९२ झाला, आणि त्याच्या पुढच्या वर्षी ३२९.१७, तोही वरची मर्यादा घातली होती म्हणून तिथे थांबला. त्या बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या स्वतंत्र संस्थेने डेटा सेंटर्सची झालेली आणि होऊ घातलेली मागणी हेच मुख्य कारण सांगितलं. आणि हा पैसा शेवटी जातो कुठे तर घरांच्या, दुकानांच्या, शाळा-दवाखान्यांच्या बिलात, ज्यांनी ना डेटा सेंटर मागितलं ना त्यांना कुणी विचारलं.

मग त्याचं राजकारण होणारच होतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यू जर्सीत गव्हर्नरपदाच्या प्रचारात विजेचे दर गोठवण्याचं आश्वासन हा मोठा मुद्दा झाला आणि ते देणाऱ्या मिकी शेरिल निवडून आल्या. जॉर्जियात तर वीजदर ठरवणाऱ्या आयोगाचे सदस्य लोक मतदानाने निवडतात, एरवी त्या निवडणुकीकडे कुणी ढुंकून बघत नाही, त्याच महिन्यात तिथे पदावर असलेले दोन सदस्य मोठ्या फरकाने हरले. मला लोकांचा राग अगदी पटतो. दर गोठवण्याची घोषणा मात्र पटत नाही, कारण दर गोठवून लाइन बांधून होत नाही, खर्च फक्त पुढच्या वर्षांच्या बिलात सरकतो. घोषणेऐवजी नियम हवेत, आणि ते करता येतात. ओहायो राज्याच्या आयोगाने जुलै २०२५ मध्ये ठरवलं की मोठ्या नवीन डेटा सेंटरने जेवढी क्षमता मागितली त्यातल्या किमान ८५ टक्क्यांचे पैसे भरायचे, वापरली नाही तरी भरायचे, आणि हे १२ वर्षांपर्यंत. म्हणजे उद्या एआयची लाट ओसरली आणि सेंटर अर्धं रिकामं राहिलं तर लाइनचा खर्च गल्लीतल्या ग्राहकाच्या डोक्यावर बसणार नाही. टेक्सासने त्याच वर्षी कायदा केला की ७५ मेगावॅटच्या वरच्या नवीन लोडने ग्रिड संकटात असेल तेव्हा आपली वीज कमी करायची. फेब्रुवारी २०२१ च्या थंडीत तिथे घरांची वीज गेली होती, २४६ माणसं गेल्याचं राज्याचाच अहवाल सांगतो, त्यामुळे आधी कुणाची वीज कापायची हा प्रश्न तिथे कागदावरचा उरलेला नाही.

आणि हे कंपन्यांना अशक्य आहे असंही नाही. ड्यूक विद्यापीठाच्या २०२५ च्या एका अभ्यासात दाखवलंय की नवीन मोठ्या लोडनी वर्षभरातल्या आपल्या वापराच्या फक्त पाव टक्का एवढी कपात गर्दीच्या वेळी सोसली तरी अमेरिकेच्या आहे त्याच ग्रिडवर ७६,००० मेगावॅट नवीन लोड बसू शकतो. आम्ही डिस्पॅचवाल्यांनी हे केव्हाही सांगितलं असतं, ग्रिड वर्षातल्या मोजक्या तासांसाठी बांधलेलं असतं आणि बाकी वेळ त्यात जागा असते. गुगलने ऑगस्ट २०२५ मध्ये दोन वीज कंपन्यांशी असे करार केलेसुद्धा. चांगली गोष्ट आहे, पण ऐच्छिक ठेवून चालणार नाही.

काहीजण म्हणतात काळजी कशाला, टेक्नॉलॉजी सुधारतेय, वीज कमी लागेल. गुगलनेच सांगितलं की त्यांच्या जेमिनी या एआयला विचारलेल्या साधारण एका प्रश्नाला ०.२४ वॅट-तास लागतात, म्हणजे एका युनिटमध्ये चार हजारावर प्रश्न, आणि वर्षभरात हा खर्च ३३ पटीने कमी झाला. मी इंजिनिअर माणूस, मला याचं मनापासून कौतुक आहे. पण त्याच कंपनीच्या डेटा सेंटर्सची वीज २०२० साली १,४४० कोटी युनिट होती ती २०२४ साली ३,०८० कोटी झाली, हेही तिनेच छापलंय. वापर स्वस्त झाला की वापर वाढतो, जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने हे कोळशाबद्दल १८६५ साली सांगून ठेवलंय. त्यामुळे प्रत्येक प्रश्नाला किती वीज लागते यापेक्षा मला त्या गेटवरच्या मीटरचा आकडा महत्त्वाचा वाटतो.

अणुऊर्जेच्या बातम्यांबद्दलही थोडं. अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुकेंद्राचं युनिट १, म्हणजे १९७९ चा अपघात झाला त्याच्या शेजारचं, २०१९ साली परवडत नाही म्हणून बंद केलं होतं, ते आता मायक्रोसॉफ्टशी २० वर्षांचा करार करून परत सुरू करायचं चाललंय, ८३५ मेगावॅट. मी अणुऊर्जेच्या विरोधात नाही, चांगलं चालणारं युनिट बंद करणं मला कधीच पटलं नाही. पण सगळ्या समाजाला परवडत नव्हतं ते एका कंपनीला परवडतं, याचा अर्थ काय याची चर्चा मी कुठे वाचली नाही.

आणि राजकारण्यांना एक विनंती, अपघात झाला की तासाभरात निकाल देऊ नका. २८ एप्रिल २०२५ ला स्पेन आणि पोर्तुगाल अंधारात गेले, दिवे यायच्या आधीच एका बाजूने सोलरला दोषी ठरवलं आणि दुसऱ्याने खाजगी कंपन्यांना. तपासात निघालं ते व्होल्टेज वाढत गेल्याचं आणि ते आवरायला हवी तेवढी रिॲक्टिव पॉवर (व्होल्टेज वर-खाली होणं जिच्यावर अवलंबून असतं ती) वेळेवर न शोषली गेल्याचं, त्यात पारंपरिक पॉवर स्टेशन्स कमी पडली, सोलरवाल्यांना व्होल्टेज सांभाळायचं काम नियमाने दिलेलंच नव्हतं आणि नियोजनही कमी पडलं. एवढा गुंता टीव्हीवरच्या भांडणात मावत नाही म्हणून तो कुणी सांगतच नाही, आणि ज्या नियमांमुळे पुढचा ब्लॅकआउट टळेल ते नियम तसेच राहतात.

तर तुमच्याकडून मला काय हवंय ते स्पष्ट लिहितो. जगात कुठेही डेटा सेंटरची घोषणा छापताना गुंतवणुकीचा आकडा आणि नोकऱ्यांचा आकडा मोठा छापला जातो, त्याच्या शेजारी मेगावॅट किती, ती वीज कुठल्या स्टेशनातून कुठल्या लाइनवरून येणार, लाइनचे पैसे कोण भरणार आणि टंचाईत आधी कुणाची कापणार हे छापा. कंपनीने सांगितलं नाही तर सांगितलं नाही असं छापा, कारण अमेरिकेत कित्येक ठिकाणी स्थानिक अधिकाऱ्यांनी गोपनीयतेच्या करारावर सह्या करून लोकांपासून हीच माहिती लपवली. आणि दर ठरवणाऱ्या आयोगांच्या सुनावण्यांना वार्ताहर पाठवा. तिथे कंपन्यांचे वकील, सल्लागार तयारीने येतात आणि सामान्य ग्राहकाच्या बाजूला बऱ्याचदा खुर्च्या रिकाम्या असतात, मी पाहिलंय. बऱ्याच देशांत या सुनावणीची नोटीस पेपरात द्यावीच लागते, ती येते जाहिरातींच्या गर्दीत बारीक टायपात, आणि हरकती पाठवायला थोडेच दिवस असतात. ती नोटीस आली की त्याच दिवशी साध्या भाषेत चार ओळींची बातमी करा, शेवटची तारीख आणि हरकत पाठवायचा पत्ता ठळक अक्षरात.

आपला,
एक निवृत्त ट्रान्समिशन इंजिनिअर