मी नागपूरला गेलेच नव्हते

प्रिय आई-बाबा,

साष्टांग नमस्कार. बाबा, हे पत्र आईला वाचून दाखवताना मधलं काही गाळायचं नाही. मोतीबिंदू तिच्या डोळ्यांत आहे, कानांत नाही.

फेब्रुवारीत मी ट्रेनिंगला नागपूरला जातेय असं सांगितलं होतं. ते खोटं होतं. मी इथे पुण्यातच होते, हॉस्पिटलात, ब्लडप्रेशरवरच्या एका उपचारासाठी. आई, तू रात्री फोन केलास, मागे कसला टूं-टूं आवाज येतोय विचारलंस आणि मी मायक्रोवेव्ह म्हणाले. तो उशाशी लावलेला मॉनिटर होता. तेव्हापासून खरा मायक्रोवेव्ह वाजला तरी मला चोरट्यासारखं होतं. फोनवर सांगितलं असतं तर तू रडली असतीस, बाबांनी ‘बरं बरं’ करून फोन ठेवला असता. म्हणून लिहितेय.

आधी हे ऐका की मी ठणठणीत आहे. दुसऱ्या दिवशी घरी आले, पुढच्या आठवड्यात ऑफिसला. पोट फाडलेलं नाही, आत यंत्रबिंत्र काही ठेवलेलं नाही. जांघेत टोचल्याचा डाग होता, तोही गेला. पोळ्यांना मावशी येतात, आणि तुमच्या जावयांनी आठ दिवस मला पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू दिला नाही. आई, त्यांना फोनवर बोलायचं नाही हं, गप्प बसायची शपथ मीच घातली होती.

माझं प्रेशर तुम्हाला माहीत होतं. आकडा माहीत नव्हता. तीन गोळ्या चालू होत्या, त्यातली एक लघवी वाढवणारी. तरीही चोवीस तास दंडाला पट्टा बांधून मोजलं तर सरासरी १५८/९६. चौथी गोळी जोडली, तर रक्तातलं पोटॅशियम वर जायला लागलं, ती थांबवावी लागली. मूत्रपिंडावरच्या ग्रंथी, किडनीच्या धमन्या, झोपेतलं घोरणं, सगळं तपासून झालं, कशातच काही सापडलं नाही. आजीला अर्धांगवायू झाला तेव्हा ती बासष्टची होती. मी सेहेचाळीसची. वजाबाकी मला येते, बाबा, तुम्हीच शिकवलीत.

तर केलं काय? त्याला रीनल डिनर्व्हेशन म्हणतात. किडनीच्या धमनीभोवती मज्जातंतूंचं जाळं असतं. किडनी आणि मेंदू त्यातून एकमेकांशी बोलत असतात. ही बोलणी फार तापली की किडनी मीठ-पाणी धरून ठेवते, रक्तवाहिन्या आवळतात, प्रेशर चढतं. जांघेतल्या धमनीतून बारीक नळी वर किडनीपर्यंत नेतात. तिचं टोक आत गेल्यावर स्प्रिंगसारखं वळतं, त्यावर चार बारके इलेक्ट्रोड असतात. रेडिओलहरींनी एका जागी मिनिटभर उष्णता देऊन ते तंतू निकामी करायचे, मग नळी जरा सरकवायची, मग दुसरी किडनी. झोपेचं औषध होतं, तरी दर वेळी कमरेत खोल कुणी इस्त्री टेकवल्यासारखी कळ यायची. (बाबा, हे वाचलंत ना? आई, कळ मिनिटभराचीच.) सिस्टर आकडे मोजत होत्या आणि मी डोळे मिटून एकोणतीसचा पाढा म्हणत होते. गोवरात कपाळावर ओली पट्टी ठेवून तुम्ही म्हणायला लावायचात, तोच. एकोणतीस सत्तेला मी अजून अडते.

आता तुम्ही विचाराल, पुरावा काय? मीही विचारला. २०१४ साली अमेरिकेत ५३५ रुग्णांवरच्या चाचणीत हा उपाय सपशेल आपटला होता. काहींची फक्त तपासणी करून उपचार केल्याचं भासवलं होतं, त्यांचंही प्रेशर जवळजवळ तेवढंच उतरलं. मग नळ्या सुधारल्या, चाचण्या जास्त काटेकोर झाल्या, त्यांत फरक दिसला, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये तिथल्या एफडीएने (औषधं-उपकरणांना परवानगी देणारी सरकारी संस्था) दोन यंत्रांना मान्यता दिली, एक रेडिओलहरींचं, एक अल्ट्रासाउंडचं. कल्पना मात्र जुनी. गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत सर्जन असेच तंतू चक्क कापायचे. प्रेशर उतरायचं, पण माणूस उभा राहिला की चक्कर येऊन पडायचा. मी पडत नाही.

चमत्कार झालेला नाही, तेही सांगते. तीन महिन्यांनी सरासरी १४४/८८ आली. तिन्ही गोळ्या आहेत तशाच आहेत. चौदा पॉइंटांसाठी एवढा खटाटोप का, असं तुमच्या मनात येईल. माझ्याही येतं. पण आजीचा वाकडा झालेला हात आठवला की चौदा मला पुष्कळ वाटतात.

आणि बाबा, लगेच ‘मलाही करून टाक’ म्हणू नका. तुम्हाला गरज नाही, कारण तुमच्या गोळ्या अजून नीट घेऊनच झालेल्या नाहीत. आकडा बरा आला की चार दिवस बंद, हे मला आईने सांगितलेलं नाही, गोळ्यांच्या पाकिटाने सांगितलं. रागावत नाही. पण गोळी चालू आहे म्हणूनच आकडा बरा आहे, एवढं गणितातल्या माणसाला कळायला हवं. मोजायचं ते पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकून, पाय जमिनीवर, तोंड बंद. विहिरीवरून आल्या आल्या, राजकारणावर बोलत बोलत नाही. चहा आणि तंबाखू (हो, मला माहीत आहे) अर्धा तास आधी नको.

आई, गुडघ्याची ती गोळी मनाने घेऊ नकोस, वेदनाशामकांनीही प्रेशर वाढतं. लोणच्याची बरणी जेवणाच्या टेबलावरून फडताळात जाऊ दे. तुझं लोणचं मी फेकून द्यायला सांगत नाहीये गं. मला दे ना सगळं. नको, मलाही बंदच आहे.

मनगटावरचं मशीन कपाटात टाका. जूनमध्ये येते तेव्हा दंडाचं आणते. पट्टा मापाचा नसला तर आकडा खोटा येतो, म्हणून दोघांच्या दंडाचा घेर हवा, कोपर आणि खांद्याच्या मधोमध. टेप शिवणयंत्राच्या डाव्या खणात, बटणांच्या डब्याखाली आहे. मोजून कळवा, सेंटिमीटरमध्ये.

तुमची,
बेबी