आषाढातल्या त्या पहाटे आमच्या गल्लीत आलेल्या अग्निशामक साहेबांस

आदरणीय साहेब,

सप्रेम नमस्कार. आपले नाव त्या पहाटे विचारायचे राहून गेले आणि तिसऱ्या दिवशी विचारले तेव्हा आपण केवळ हात जोडलेत, म्हणून हे पत्र नावाविना लिहीत आहे.

बेळगावात वडगावच्या आमच्या विणकर गल्लीत शेजारच्या काकूंच्या घरी गॅसचा स्फोट झाला, तेव्हा दोन घरांमधली सामाईक भिंत आमच्या स्वयंपाकघरात कोसळली आणि सासूबाई कमरेपर्यंत विटामातीखाली अडकल्या. काकू आणि मागावर कामाला जाणारा त्यांचा थोरला मुलगा वाचू शकले नाहीत. त्यांच्याविषयी अधिक लिहिण्याचे बळ अजून माझ्यात आलेले नाही.

दुतर्फा लावलेल्या दुचाक्यांमुळे बंब गल्लीच्या तोंडाशीच अडला, तेव्हा आपण आणि आपले सहकारी पाइप खांद्यावर घेऊन धावत आलात. "होरग बर्री, लाइट हाकबेड्री!" (बाहेर या, दिवा लावू नका!) हे आपले शब्द अजून माझ्या कानांत आहेत. आमच्या गल्लीत एका घरात मराठी तर दुसऱ्या घरात कन्नड बोलतात, पण त्या घटकेला आपले म्हणणे सर्वांनाच कळले. अंधारात सासूबाईंना शोधण्यासाठी मी दिव्याच्या बटणाकडे हात नेला होता. आपण तो मनगटाला धरून मागे ओढलात. शेजारच्या कोपऱ्यात १४.२ किलोचा दुसरा, भरलेला सिलिंडर आगीने तापत होता, हे मला पुष्कळ उशिरा समजले. आपल्या सहकाऱ्यांनी पडक्या भिंतीच्या आडोशाने त्यावर सतत पाणी मारले आणि तेवढ्या वेळात आपण सासूबाईंना मोकळे करून, कांबळ्यात गुंडाळून बाहेर आणलेत.

काकूंच्या धाकट्या मुलाचे दोन्ही हात भाजले होते. कोणी टूथपेस्ट आणली, कोणी हळद. आपण ते सारे बाजूला ठेवायला लावून त्याचे हात घड्याळ पाहून २० मिनिटे नळाच्या पाण्याखाली धरलेत आणि मग स्वच्छ सुती कापडाने सैलसर झाकून त्याला १०८ च्या गाडीत बसवलेत. आता त्याची बोटे हलतात आणि तो स्वतःच्या हाताने जेवतो.

परंतु हे पत्र लिहिण्याचे खरे कारण वेगळे आहे. आदल्या रात्री दहाच्या सुमारास मला गॅसचा वास आला होता. पावसाची झड लागलेली असल्याने मी तो गटारीचा समजले आणि दार लावून झोपले. तिसऱ्या दिवशी आपण पाहणीसाठी पुन्हा आलात, तेव्हा हे मी केवळ आपल्याजवळ बोलले. आपण हातातला कागद खाली ठेवून पडक्या ओट्यावर बसलात आणि मला सारे समजावलेत. या गॅसला मुळात वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम उग्र वासाचे द्रव्य मिसळतात, मात्र थोड्या वेळाने नाक त्या वासाला सरावते; हा गॅस हवेहून जड असल्याने जमिनीलगत साचतो आणि पावसामुळे दारे-खिडक्या बंद असतील तर त्याला बाहेर पडायला वाट मिळत नाही; हवेत जेमतेम २ टक्के गॅस मिसळला तरी दिव्याच्या बटणाची ठिणगी पुरते. नळी चिरलेली होती आणि रेग्युलेटर रात्रभर उघडा राहिला होता, हेही आपण सांगितलेत. माझी चूक झाली नाही, असे खोटे सांत्वन आपण केले नाही, याबद्दल मी आपली सर्वाधिक ऋणी आहे. "पुन्हा वास आला तर काय कराल?" एवढेच आपण विचारलेत आणि उत्तर माझ्याकडून तीनदा वदवून घेतलेत: रेग्युलेटर बंद करायचा, दारे-खिडक्या उघडायच्या, कोणत्याही बटणाला हात लावायचा नाही, बाहेर जाऊन १९०६ वर फोन करायचा आणि शेजाऱ्यांना उठवायचे.

मागच्या आठवड्यात रात्री साडेअकराला पुन्हा तसा वास आल्यासारखे वाटले, तेव्हा मी सात घरांची दारे हाताने वाजवली. गळती कोठेही सापडली नाही आणि झोपमोड झाली म्हणून कोणी रागावलेही नाही.

आपले कांबळे धुऊन, वाळवून सासूबाईंनी त्यांच्या ट्रंकेत ठेवले आहे. त्या आता काठी टेकत उंबऱ्यापर्यंत येतात. ते कांबळे आपल्या हाती त्यांनाच द्यायचे आहे, तेव्हा सवड होईल त्या दिवशी घरी यावे, ही विनंती.

आपली कृतज्ञ,
विणकर गल्लीतील एक गृहिणी